सायलेन्सरवरचा पावडरचा लेप

पावसाळा तोंडावर आला की तुमच्यापैकी पुष्कळजण ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरवर एखादा रिकामा डबा पालथा घालतात. पाणी आत गेले की पत्रा कुजतो, हे ज्ञान त्या डब्यामागे असते. ते पुस्तकातून आलेले नसते. दोन-चार सायलेन्सर कुजल्यावर आलेले असते. ट्रकवाल्याची अडचण याहून मोठी. त्याची नळी आडवी, गाडीच्या पोटाखाली, चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या माऱ्यात. त्यातून ट्रक रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणारा असला, तर बर्फाचे खारे पाणी वरून ठिबकत असते ते वेगळेच. मग कोणीतरी सांगते, "अहो, फाटकाला आणि खिडकीच्या गजांना पावडर कोटिंग करतात ना, तसेच सायलेन्सरला करा. बंदूक विकत मिळते, भट्टी घरी बनवता येते." हा सल्ला अर्धा खरा आहे. आणि अर्ध्या खऱ्या सल्ल्याने पैसे तर जातातच, पण एखादे वेळी जिवावरही बेतते. म्हणून हे पावडर कोटिंग म्हणजे काय, ते कोठे टिकते, कोठे टिकत नाही, आणि घरी करायचेच झाले तर कोणती पथ्ये पाळायची, हे आज आपण बघू.

आधी गंजाची गोष्ट. लोखंड गंजायला दोन वस्तू लागतात: पाणी आणि प्राणवायू. मीठ ही तिसरी. ती असली की गंजाचे काम झपाट्याने होते. बाहेरचे पाणी आपल्याला दिसते; आतले दिसत नाही. "आत कसले पाणी? आत तर आग!" असे तुम्ही म्हणाल. पण डिझेल हे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असते. ते जळले की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. हिशेब केला तर एक लिटर डिझेल जळल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. म्हणजे दिवसाला ५० लिटर डिझेल पिणारा ट्रक ५० लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने नळीतून बाहेर टाकतो. थंडीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर नळीच्या टोकाशी जे थेंब दिसतात, ते हेच पाणी.

गाडी लांब पल्ल्याला गेली तर नळी चांगली तापते आणि आतून कोरडी होते. पण मळ्यातून बाजारापर्यंत दोन कोस जाऊन गाडी बंद केली, की वाफ आतल्या आत थिजते आणि सायलेन्सरच्या पोटात पाणी साचते. डिझेलमध्ये गंधक असेल तर या पाण्याचे आम्ल बनते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ प्रतीचे डिझेल आले. त्यात दहा लाख भागांत फार तर १० भाग गंधक असते. त्याआधीच्या बीएस-४ डिझेलमध्ये ते ५० भागांपर्यंत चालत असे. त्यामुळे आम्ल कमी झाले हे खरे, पण पाणी तेवढेच राहिले. यातून पहिला धडा असा, की बाहेरून कितीही उत्तम लेप दिला तरी तो आतला गंज थांबवीत नाही. लेप ही छत्री आहे. पोटातल्या दुखण्यावरचे औषध नव्हे.

आता हा लेप म्हणजे काय ते पाहू. साधा रंग पातळ असतो. त्यातले टर्पेंटाइन किंवा थिनर उडून जाते आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. पावडर कोटिंगमध्ये पातळ पदार्थ मुळीच नसतो. राळेसारखा एक कृत्रिम पदार्थ, रंगद्रव्य आणि घट्ट करणारे द्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, मैद्यासारखे बारीक दळलेले असते. ती भुकटी धातूवर बसवायची आणि भट्टीत भाजायची. उष्णतेने ती वितळते, एकजीव होते, आणि मग तिच्या कणाकणांत अशी गाठ बसते की पुन्हा तापवली तरी ती पातळ होत नाही. भाजलेल्या विटेची पुन्हा माती होत नाही, तसेच हे.

ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. तो आधी भांडे घासून लख्ख करी, मग भात्याने निखारे फुलवून ते तापवी, नवसागर टाकी आणि कथिलाचा हात फिरवी. साफसफाई, उष्णता आणि लेप या तिन्ही गोष्टी पावडर कोटिंगमध्येही आहेत. आणि कल्हईचा एक धोका जुन्या गृहिणींना पक्का ठाऊक असे: कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर राहिले की कल्हई वितळून गोळा होते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी असेतो ते शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून कल्हई टिकते. म्हणजे प्रत्येक लेपाला सोसण्याची एक मर्यादा असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच कामी येणार आहे.

पण कोरडी भुकटी उभ्या लोखंडाला चिकटते कशी? शिक्षकांनी हे वर्गात दाखवून द्यावे. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर दहा-बारा वेळा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे टणकन उडून चिकटतात. घर्षणाने कंगव्यावर विद्युद्भार येतो आणि तो हलक्या वस्तू ओढून घेतो. पावडरच्या बंदुकीत हेच मोठ्या प्रमाणावर होते. तिच्या टोकाशी साधारण ५० हजारांपासून एक लाख व्होल्टपर्यंत दाब असतो. प्रवाह मात्र अगदी सूक्ष्म असतो. बाहेर पडणारा भुकटीचा प्रत्येक कण भार घेऊन निघतो, आणि टांगलेली वस्तू तारेने जमिनीला जोडलेली असल्यामुळे तिच्याकडे ओढला जातो. वस्तूच्या मागच्या अंगालाही काही कण वळसा घालून जाऊन बसतात.

मात्र आतल्या कोपऱ्यांत आणि खोल खाचांत ते जात नाहीत. विद्युद्भार पोकळीच्या आत न शिरता बाहेरच्या कडांकडे धाव घेतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये हे प्रयोगाने दाखविले, म्हणून अशा पोकळीला फॅरडेचा पिंजरा म्हणतात. सायलेन्सरचा पत्रा जेथे पाइपाला वेल्डिंगने जोडलेला असतो, तेथे नेमकी अशी खाच असते, आणि गंजही तेथूनच सुरू होतो. म्हणून त्या खाचेत आधी, बंदुकीचा दाब कमी करून, पावडर मारावी आणि उघडा भाग मागून घ्यावा.

ही विद्या फार जुनी नाही. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० नंतरच्या काळात तापवलेली वस्तू हवेने उसळत्या भुकटीत बुडवून काढण्याची रीत बसविली. विद्युद्भाराची बंदूक त्यानंतर १९६० च्या सुमारास प्रचारात आली.

आता भाजण्याचा भाग. साध्या पावडरला बहुधा १८० ते २०० अंश उष्णता १० ते २० मिनिटे लागते. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. पुष्कळांची चूक येथे होते. भट्टीतल्या हवेचा काटा २०० वर गेला की ते घड्याळ लावतात. पण वेळ मोजायची ती धातू स्वतः तापल्यापासून. तवा तापण्याआधी भाकरी टाकली तर काय होते हे सांगायला नको. पातळ पाइप लवकर तापतो. जाड फ्लँजला त्याहून कितीतरी वेळ लागतो. मग पाइपावरचा लेप पक्का आणि फ्लँजवरचा कच्चा, अशी गत होते. तयार झालेला लेप सुमारे ६० ते ८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाइतका.

आता मुख्य मुद्दा. फाटकाला लावतात ती पावडर सायलेन्सरला चालेल का? एक ट्रकमालक माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या मुलाने हौसेने सारी नळी, इंजिनापासून शेपटापर्यंत, एका ग्रिलवाल्याकडून काळ्याभोर पावडरने कोटिंग करून आणली. गाडी नव्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी भरला ट्रक आंबा घाट चढू लागला आणि अर्ध्या घाटात केबिनमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास भरला. गाडी बाजूला घेऊन बघतात तो पुढच्या पाइपावरचा लेप फुगून, तडकून धूर सोडीत होता. डोळे चुरचुरत होते, क्लीनर खोकत होता. सुदैवाने आग लागली नाही. ग्रिलवाल्याने फसविले असे नाही. त्याची पावडर उत्तम होती, पण ती फाटकासाठी होती. फाटक उन्हात तापते. घाटात चढणाऱ्या ट्रकची नळी तशी तापत नाही, ती भट्टीसारखी तापते.

आकड्यांत सांगायचे तर असे: भार ओढणाऱ्या डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा धूर मॅनिफोल्डपाशी ५०० ते ७०० अंशांपर्यंत तापलेला असतो. लोखंड ५०० च्या पुढे गेले की अंधारात अंधूक लाल दिसू लागते, यावरून कल्पना करा. जसजसा धूर मागे सरकतो तसतसा तो निवत जातो, तरी शेवटच्या टोकाशीही तो शंभराच्या बराच वर असतो. साध्या एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर पावडरचा लेप २०० अंशांच्या पुढे फार काळ तग धरीत नाही. आधी पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि शेवटी जळतो. शिवाय तापल्यावर लोखंड वाढते. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप ५०० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर लांब होतो. वरच्या लेपाला दर फेरीला इतके ताणावे आणि आखडावे लागते.

म्हणून अशा कामासाठी सिलिकोन राळेची खास पावडर मिळते. ती सुमारे ५०० अंशांपर्यंत टिकण्याजोगी बनवलेली असते. ती महाग असते, रंग मोजके असतात, बहुधा काळा किंवा चंदेरी, आणि तिचा थर पातळच द्यावा लागतो. जाड दिला की सुटतो. पण तिलाही सीमा आहेच. लालबुंद होणाऱ्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर तीही भरवशाची नाही.

मग कोणत्या भागाला काय करावे? सायलेन्सरचे ब्रॅकेट, हात भाजू नये म्हणून लावलेली जाळी, उष्णता अडवणारा बाहेरचा पत्रा, हे नळीपासून थोडे अंतर राखून असतात. पण येथेही आधी तापमान मोजून घ्यावे. २०२० साली साथीच्या वेळी कपाळासमोर धरत ते यंत्र येथे चालत नाही. ते फक्त अंगातला ताप मोजण्याजोगे असते. कारखान्यात वापरतात ते घ्यावे, आणि चकचकीत धातूवर ते चुकीचा, कमी आकडा दाखवते हे ध्यानात ठेवावे. गाडी भार ओढून आल्याबरोबर मोजावे. जेथे आकडा १५० च्या आत राहतो तेथे साधी पावडर चालेल. त्याच्या वर सिलिकोनची. मॅनिफोल्ड आणि त्याच्या लगतचा पाइप सोडून द्यावा. बीएस-६ गाडीत धूर गाळणारी आणि शुद्ध करणारी यंत्रणा असते. साचलेली काजळी जाळून टाकताना ती सुमारे ६०० अंशांपर्यंत तापते, आणि तिच्यावर नाजूक संवेदक बसवलेले असतात. तिला घरी हात लावूच नये.

लेपाचे यश बंदुकीत नसते, तयारीत असते. खळगे न बुजवता सारवलेली जमीन किती दिवस टिकते? तसेच हे. प्रथम तेल आणि ग्रीस काढावे. ते गेले की नाही हे ओळखण्याची सोपी खूण आहे: धातूवर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर भाग स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. मग गंज काढायचा. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर वरचा गंज काढतात. खळग्यातला गंज काढायला दाबाच्या हवेने कण मारावे लागतात. त्यासाठी नदीची कोरडी वाळू मात्र कधीही वापरू नका. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. कारखान्यात यासाठी पोलादी छर्रे किंवा गार्नेटसारखे दाणे वापरतात.

भाग बिडाचा असला तर आणखी एक काम वाढते. बीड सच्छिद्र असते. त्याच्या पोटात तेल आणि हवा दडलेली असते. म्हणून पावडर मारण्याआधी तो भाग एकदा, भाजण्याच्या उष्णतेपेक्षा थोडा जास्त, कोरडाच तापवून घ्यावा. नाहीतर लेप भाजताना आतली वाफ बाहेर पडते आणि लेपावर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. पाणी त्या भोकांतून आत शिरते.

आता घरी करण्याविषयी. येथे मला हात जोडून सांगावेसे वाटते. स्वयंपाकघरातला ओव्हन या कामाला वापरू नका. एकदा वापरला तर त्यात पुन्हा कधीही अन्न शिजवू नका. भाजताना निघणारा धूर त्याच्या भिंतींवर बसतो, आणि काही पावडरींत शरीराला घातक असे घट्ट करणारे द्रव्य असते. गॅसची किंवा लाकडाची भट्टीही नको. या भुकटीचा ढग हवेत असताना ठिणगी पडली तर तो पेट घेतो. पीठ पेट घेते, साखरेची धूळही घेते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मेले. साखरेसारखी गोड वस्तू जर हे करू शकते, तर राळेच्या भुकटीचा भरवसा काय?

म्हणून करायचेच असेल तर घरापासून वेगळ्या, मोकळ्या हवेच्या शेडमध्ये करा. भट्टी विजेची असावी, तिला उष्णता आपोआप तोडणारे यंत्र असावे, आणि पावडर मारण्याची जागा भट्टीपासून लांब असावी. बिडी-सिगारेट तेथे वर्ज्य. तोंडाला रुमाल पुरत नाही. धूळ गाळणारा चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. अर्थिंग पक्के असावे. खेड्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो. त्यात पाणी घालून ओलावा ठेवा. अर्थिंग कच्चे असेल तर पावडर गळून पडते, माणसाला झटका बसतो, आणि ठिणगीही उडू शकते. आणि एक विसरू नये असे: सायलेन्सर दोन्ही तोंडे बंद करून कधीही तापवू नका. आत पाणी किंवा डिझेलचा अंश राहिला असेल तर त्याची वाफ होऊन तो फुटेल.

हे सारे वाचून तुम्ही म्हणाल, इतका व्याप कोण करणार? अगदी बरोबर! दोन-चार भागांसाठी ही सामग्री उभी करणे परवडत नाही. साफसफाई घरी करावी, मोजमाप घरी करावे, आणि भाजणे जाणत्या कारागिराकडे सोपवावे. त्याला तीन प्रश्न विचारावेत: ही पावडर किती अंश सोसते, ते डब्यावर दाखवा, आधी गंज कसा काढणार, आणि धातूचे तापमान मोजून भाजता की नुसत्या हवेचे? जो या तिन्हींची सरळ उत्तरे देईल त्याला काम द्यावे. काम हाती आल्यावर एका कोपऱ्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा ओढून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढून पाहा. चौकोन निघून आले तर लेप धरलेला नाही. आणि ज्याला तेही जमत नसेल, त्याने उष्णता सोसणारा चंदेरी सिलिकोन रंग ब्रशने लावावा आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे हळूहळू तापवून पक्का करावा. तो कमी दिवस टिकेल, पण पुन्हा लावता येईल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लेप देण्याआधी पाइप हातोडीने हलके ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला, किंवा पत्रा आत दबला, तर तो संपला. तो बदलावा. भोक पडलेल्या पाइपावर कितीही सुंदर लेप दिला तरी ते भोक झाकले जाते, बुजत नाही. त्यातून निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झापड येते, आणि ड्रायव्हरला वाटते की आपल्याला झोप येते आहे. पावसात काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणाऱ्या माणसाला ती झोप शेवटचीही ठरू शकते.

शिक्षक बंधुभगिनींनो, कंगव्याचा प्रयोग, पाण्याच्या पडद्याची खूण आणि तापलेल्या पाइपाच्या वाढीचे गणित या तीन गोष्टी कोणत्याही शाळेत विनाखर्च करता येतील. वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील ट्रक चालवीत असतील. त्या मुलाने संध्याकाळी घरी जाऊन "बाबा, आपला सायलेन्सर ठोकून बघितला का?" एवढे विचारले, तरी शास्त्राचा तो तास सत्कारणी लागला असे समजा.